अवकाशांतील पर्जन्यमापक

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अशी आज्ञा आहे कीं, कोष्ठागाराच्या आवारांत हातभर रुंद तोंडाचें एक कुंड मांडून ठेवावें आणि त्यांत सांचलेल्या पाण्यावरून पावसाचें मान ठरवावें. राज्याचा सारा पिकावर आणि पीक पावसावर. तेव्हां धान्याच्या कोठाराशेजारीं पावसाचें माप असावें हें ओघानेंच आलें. त्याच ग्रंथांत देशपरत्वें पावसाचे आंकडेहि दिलेले आहेत. जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशांत १६ द्रोण, गोदावरीकांठच्या अश्मक देशांत साडेतेरा, अवंतींत २३. अपरान्ताची, म्हणजे कोंकणपट्टीची, पाळी येते तेथें मात्र आंकडा संपतो; तेथील पाऊस ‘अमित’ म्हटला आहे. पावसाच्या मोजणीचा इतिहास पाहूं जाणाराला हा एक शब्द फार उपयोगी पडतो. ज्या पावसाला माप लागत नाहीं तो कोठें पडतो, आणि त्याला माप कां लागत नाहीं, हाच त्या इतिहासांतील मुख्य प्रश्न होय.

१४४१-४२ च्या सुमारास कोरियांत सेजोंग राजाच्या कारकीर्दींत एकाच मापाचीं नळकांडीं करवून तीं प्रांतोप्रांतीं धाडण्यांत आलीं. आपल्याकडे १८७५ सालीं हवामानखातें स्थापन झाल्यावर पर्जन्यमापकांचें जाळें देशभर पसरलें. परंतु या सर्व साधनांचें तत्त्व कौटिल्याच्या कुंडाचेंच आहे. भांड्यांत पडेल तेवढा पाऊस मोजावयाचा. भांड्याबाहेर पडला त्याविषयीं तर्क करावयाचा. आणि भांड्याचें तोंड तें केवढें! एका प्रचलित पर्जन्यमापकाचें तोंड २०० चौरस सेंटिमीटर असतें. असे एक लक्ष मापक गोळा करून त्यांचीं तोंडें एकाला एक लावून मांडलीं, तरी तीं सारीं वीस गुंठ्यांच्या एका वावरांत मावतील.

या तर्काचा भरंवसा किती धरावा, तें २६ जुलै २००५ या दिवशीं मुंबईनें पाहिलें. सांताक्रूझ येथील मापकांत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस भरला. त्याच शहराच्या दक्षिण टोंकास कुलाब्याच्या मापकांत अवघा ७३. दोन्ही मापक खरेंच बोलत होते. मधल्या वीस-पंचवीस किलोमीटरांत पावसाची सीमा कोठें होती, हें दोघांपैकीं एकालाहि सांगतां येण्यासारखें नव्हतें. जेथें माणसांची इतकी दाटी, तेथें ही अवस्था. मग जेथें माणूसच नाहीं त्या समुद्राची गोष्ट काय बोलावी? जगांतील एकंदर पावसापैकीं सुमारें दोन-तृतीयांश पाऊस उष्णकटिबंधांत पडतो, आणि त्यांतील मोठा भाग समुद्रावर पडतो. पाण्याची वाफ होतांना तिच्यांत जी उष्णता दडून बसते, ती वाफेचे थेंब होतांना वातावरणांत मोकळी होते. वाऱ्यांच्या महान् चक्राला गति मिळते ती मुख्यतः या उष्णतेमुळें. म्हणजे वातावरणाच्या यंत्रांत सर्वांत अधिक इंधन जेथें जळतें, तेथेंच मोजणाराचें भांडें नव्हतें.

१९६० सालीं ‘टायरॉस’ नांवाच्या अमेरिकन उपग्रहानें ढगांचीं चित्रें पृथ्वीवर पाठविलीं तेव्हां हा प्रश्न सुटल्यासारखा पुष्कळांस वाटला. परंतु ढग दिसणें निराळें आणि पाऊस दिसणें निराळें. वरून पाहतां ढगाचें छत दिसतें. छताखालीं धार लागली आहे कीं कोरडें आहे, तें दिसत नाहीं. छत जितकें थंड तितका ढग उंच, आणि ढग जितका उंच तितका पाऊस जास्त, असा हिशेब पुढें कांहीं काळ चालला. १९७२ च्या डिसेंबरांत सोडलेल्या ‘निंबस-५’ या उपग्रहावर पृथ्वीपासून आपोआप निघणाऱ्या सूक्ष्म रेडिओ-लहरी टिपणारें यंत्र होतें. त्यानें समुद्रावरचा पाऊस कांहींसा ओळखतां येऊं लागला. पण जमीन स्वतःच अशा लहरींनीं इतकी उजळलेली असते कीं, तिच्यावरचा पाऊस त्यांत हरवून जाई. शिवाय पाऊस किती उंचीवर आहे, ढगाच्या कोणत्या थरांत आहे, हें अशा यंत्राला नीट सांगतां येत नाहीं.

तें सांगणारें साधन युद्धानें घडविलें होतें. शत्रूचीं विमानें हुडकण्यासाठीं इंग्लंडांत दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरींचे रडार तयार झाले, आणि १९४१ सालीं त्यांच्या पडद्यांवर विमानांखेरीज आणखी कांहीं उमटूं लागलें. तें पावसाचें होतें. रडारवाल्या सैनिकाच्या दृष्टीनें ही केवळ पीडा. हवामानशास्त्रज्ञाच्या दृष्टीनें तें घबाड. लहर पाठवावी, ती थेंबांवर आपटून परत येण्यास किती वेळ लागतो त्यावरून अंतर जाणावें, आणि परत आलेला प्रतिध्वनि किती जोराचा आहे त्यावरून पाऊस किती तें ताडावें, ही कल्पना सरळ होती. अडचण ‘ताडावें’ या शब्दांत होती.

प्रतिध्वनीचा जोर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातानें वाढतो. अर्थात् एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबापेक्षां दोन मिलिमीटरांचा थेंब चौसष्टपट मोठ्यानें बोलतो. परंतु त्यांत पाणी मात्र आठपटच असतें. एका घनमापांत लहान थेंब चौसष्ट आणि दुसऱ्यांत मोठा थेंब एकच असला, तर रडारला दोहोंकडून सारखाच प्रतिध्वनि ऐकूं येतो. वास्तविक पहिल्यांत पाणी दुसऱ्याच्या आठपट आहे. रडार पाणी मोजीत नाहीं. तें मोठ्या थेंबांचा गलबला ऐकतें. तेव्हां पावसांत कोणत्या आकाराचे थेंब किती असतात, हें कळल्यावांचून पुढें पाऊल पडणें शक्य नव्हतें.

या कामीं उपयोगी पडलेलीं साधनें पाहिलीं म्हणजे मौज वाटते. व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली, ज्याचीं हिमकणांचीं छायाचित्रें जगप्रसिद्ध आहेत, तो पावसांत पिठाचें ताट क्षणभर उघडें धरी. प्रत्येक थेंबाची पिठांत गोळी होई, आणि त्या गोळ्या वाळवून तो मोजी. १९०४ सालीं त्यानें हे प्रयोग प्रसिद्ध केले. युद्धानंतर कॅनडांत माँट्रियल येथील मॅगिल विद्यापीठांत जे. एस. मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पिठाऐवजीं रंग लावलेला गाळणकागद वापरला. थेंब पडला कीं कागदावर डाग उठे, आणि डागाच्या रुंदीवरून थेंबाचा व्यास कळे. १९४८ सालीं मार्शल व वॉल्टर पामर यांनीं या डागांवरून असा नियम मांडला कीं, थेंबांचा आकार वाढत जातो तसतशी त्यांची संख्या एका ठराविक प्रमाणांत झपाट्यानें उतरत जाते, आणि पाऊस जोराचा असेल तर ही उतरण कमी तीव्र असते. प्रतिध्वनीवरून मिलिमीटर काढण्याचा रस्ता या नियमानें खुला झाला. नियम सरासरीचा आहे, प्रत्येक सरीचा नव्हे. ही त्याची उणीव मार्शल-पामरांच्या पुढें आलेल्या सर्वांना भोंवली आहे.

जमिनीवरील रडारला आणखी एक मर्यादा आहे. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें त्याचा किरण क्षितिजासरसा सोडला तरी दोनशें किलोमीटरांवर तो जमिनीपासून दोन किलोमीटरांहून अधिक उंच गेलेला असतो. समुद्राच्या मध्यावर रडार रोवावयाचें कोठें? तें उचलून अवकाशांत नेणें एवढाच उपाय उरला. हें बोलण्यास सोपें, पण येथें एक मोठा पेंच होता. साडेतीनशें किलोमीटर उंचीवरून चार-पांच किलोमीटरांचाच तुकडा पाहावयाचा तर किरण फार बारीक हवा. दहा सेंटिमीटरांच्या लहरीनें असा किरण काढावयाचा तर अँटेना सुमारें दहा मीटर रुंद लागेल. ती अग्निबाणाच्या टोंकांत बसणें कठीण. लहर आंखूड घ्यावी, दोन-सव्वादोन सेंटिमीटरांची, तर दोन मीटरांची अँटेना पुरते. परंतु आंखूड लहरीचा दोष असा कीं ती पावसांत झिजते. पाऊस जितका मोठा तितकी झीज मोठी, आणि तितका खालचा प्रतिध्वनि क्षीण. मुसळधार पाऊस स्वतःच्याच पडद्यामागें लपतो आणि रिमझिम पावसासारखा भासतो.

झिजेचा हिशेब वरच्या थरापासून क्रमाक्रमानें जोडीत जावें तर आरंभींची लहानशी चूक खालीं येईतों राक्षसी होते. मॅगिलमधील हिट्शफेल्ड व बोर्डन यांनीं १९५४ सालींच हें दाखवून दिलें होतें. यावर जी तोड निघाली ती खरोखर चतुराईची आहे. रडारचा किरण शेवटीं समुद्राच्या पृष्ठावर आपटून परत येतो. शेजारच्या कोरड्या जागीं समुद्राचा प्रतिध्वनि किती जोराचा आहे तो पाहावा आणि पावसाखालचा किती आहे तो पाहावा. दोहोंतील तूट म्हणजे पावसानें वाटेंत खाल्लेला भाग. जो समुद्र मोजणाराला भांडें ठेवूं देत नव्हता, तोच तराजूचें दुसरें पारडें झाला.

हें सारें प्रत्यक्षांत आणण्यास दोन देश व एक बाई कारण झालीं. जोअॅन सिम्प्सन यांचा जन्म १९२३ चा, बोस्टनचा. युद्धकाळांत शिकागो येथें लष्करी विद्यार्थ्यांना हवामानशास्त्र शिकविणाऱ्या या तरुणीनें त्याच विषयांत डॉक्टर व्हावयाचें मनांत आणलें, तेव्हां स्त्रीला हा मार्ग नाहीं, असें विभागांतील वडील मंडळींनीं तिला सांगितलें. १९४९ सालीं तिनें ती पदवी मिळविली. हवामानशास्त्रांतील ती पदवी मिळविणारी ती अमेरिकेंतील पहिली स्त्री होय. तिनें विषय निवडला तोहि त्या काळीं प्रतिष्ठा नसलेला, उष्णकटिबंधांतील ढगांचा. १९५८ मध्यें तिनें व तिचे गुरु हर्बर्ट रील यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, विषुववृत्ताच्या भोंवतीं समुद्रावरून वर चढणारी उष्णता सर्वत्र सारखी चढत नाहीं. ती कांहीं हजार प्रचंड ढगांच्या मनोऱ्यांतून एकदम वर नेली जाते. या मनोऱ्यांना त्यांनीं ‘उष्ण मनोरे’ असें नांव दिलें. कल्पना हिशेबावर उभी होती. मनोऱ्यांच्या आंत डोकावून पाहण्याचें साधन त्या वेळीं नव्हतें. १९८६ पासून सिम्प्सनबाई नासाच्या पर्जन्यमापन-उपग्रहाच्या शास्त्रीय प्रमुख झाल्या, आणि तो उपग्रह उडेपर्यंत त्यांनीं त्याची पाठ सोडली नाहीं.

रडार मात्र जपानचें. पावसाळी बेटांवर राहणाऱ्या त्या राष्ट्रानें आपल्या सरकारी रेडिओ-प्रयोगशाळेंत हें काम कित्येक वर्षें चालविलें होतें, आणि १९८० नंतरच्या दशकांत दोन्ही देशांनीं मिळून विमानांतून खालीं रडार रोखून त्याची परीक्षा घेतली होती. तयार झालेल्या यंत्राची लहर २·१७ सेंटिमीटरांची व अँटेना दोन मीटरांहून थोडी मोठी, चौरस, १२८ पोकळ नळ्यांची होती. ती फिरत नसे. प्रत्येक नळींतील लहरीची वेळ किंचित् मागेंपुढें करून किरणच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेला जाई. सेकंदाच्या सहा-दशांश भागांत ४९ ठिकाणें पाहून होत. लहर खालीं जाऊन परत येण्यास सेकंदाचा चारशेंवा भागहि लागत नसे. २८ नोव्हेंबर १९९७ रोजीं जपानी वेळेप्रमाणें पहांटे, तानेगाशिमा बेटावरून एच-२ या अग्निबाणानें साडेतीन टनांचा तो उपग्रह ३५० किलोमीटर उंचीवर नेऊन सोडला. इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘ट्रिम’ म्हणत. त्यावर पांच यंत्रें होतीं. त्यांत अवकाशांतून पाऊस मोजणारें रडार हें जगांतील पहिलेंच.

२२ ऑगस्ट १९९८ रोजीं अटलांटिकमधील ‘बॉनी’ या वादळावरून जातांना त्या रडारला सुमारें १८ किलोमीटर उंच चढलेला एक मनोरा दिसला. चाळीस वर्षांपूर्वीं कागदावर मांडलेली वस्तु अशी उभीच्या उभी चिरलेली पाहण्याचें भाग्य शास्त्रज्ञांना क्वचित् लाभतें. सिम्प्सनबाई त्या वेळीं पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. असे मनोरे वादळाच्या डोळ्याभोंवतीं उठूं लागले कीं वादळ जोर धरण्याचा संभव वाढतो, असें पुढें अशा अनेक चित्रांवरून दिसून आलें. ढगांत हिम वितळण्याचा जो थर असतो तोहि या रडारला एखाद्या चकचकीत पट्ट्यासारखा दिसे, आणि पाऊस उसळत्या ढगाचा कीं शांत पसरलेल्या ढगाचा हें त्यावरून ओळखतां येई.

पण याच यंत्रानें एक जुना समज उलटाहि पाडला. उंच ढग म्हणजे मोठा पाऊस, हा हिशेब सरसकट खरा नाहीं, असें ‘ट्रिम’च्या अनेक वर्षांच्या नोंदी चाळून २०१५ सालीं दाखविण्यांत आलें. सर्वांत उंच वादळें आणि सर्वांत जोराचा पाऊस हीं पुष्कळदां निरनिराळ्या ठिकाणीं असतात. हिमालयाच्या वायव्येकडील पायथ्याशीं ढग प्रचंड उंचीपर्यंत उसळतात. उलट सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, जेथें महाबळेश्वरासारख्या ठिकाणीं वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथें ढग तुलनेनें बुटके असतात. समुद्रावरून आलेला ओला वारा डोंगराला अडतो, वर चढतो, आणि खालच्या थरांतच रिता होतो.

आणि नेमकें येथेंच अवकाशांतील रडारचें कौशल्य तोकडें पडतें. जमिनीवरून परत येणारा प्रतिध्वनि पावसाच्या प्रतिध्वनीपेक्षां फारच मोठा असतो. त्याच्या गोंगाटांत जमिनीलगतचा किलोमीटर-दोन किलोमीटरांचा थर बुडून जातो. किरण तिरपा असेल आणि खालीं डोंगर असतील तर अधिकच. सह्याद्रीचा पाऊस तर पुष्कळसा त्या बुडालेल्या थरांतच तयार होतो. म्हणून घाटमाथ्यावरील पाऊस ‘ट्रिम’नें वारंवार प्रत्यक्षापेक्षां कमी दाखविला. समुद्रावरच्या ‘अमित’ पावसाला माप लागलें. कोंकणाच्या माथ्यावरचा कौटिल्याचा ‘अमित’ पाऊस कांहीं अंशीं तसाच राहिला. तेथें घाटांतल्या ठाण्यावर पावसाळाभर पहांटे उठून मापकांतील पाणी मोजणाऱ्या निरीक्षकाची जागा कोणत्याहि उपग्रहानें घेतलेली नाहीं.

दुसरी मर्यादा वेळेची. रडारच्या दृष्टीचा पट्टा सुमारें सव्वादोनशें किलोमीटरांचा; त्यामुळें एकाच गांवावर तो रोज येईलच असें नाहीं, आणि ढगफुटी त्याच्यासाठीं थांबत नाहीं. म्हणून या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग निराळाच झाला. आकाशांत रेडिओ-लहरी टिपणारे व ढगांची उष्णता पाहणारे दुसरे पुष्कळ उपग्रह फिरत असतात. त्यांचे अंदाज ‘ट्रिम’च्या मापाशीं ताडून दुरुस्त करावयाचे, आणि मग सर्वांचे मिळून पावसाचे नकाशे करावयाचे, अशी पद्धत पडली. बाजारांतल्या सर्व वजनांची परीक्षा सरकारी प्रमाणवजनानें व्हावी, त्यांतलाच हा प्रकार. आपल्याकडून भारत व फ्रान्स यांनीं मिळून १२ ऑक्टोबर २०११ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडलेला ‘मेघा-ट्रॉपिक्स’ याच परिवारांतला; त्यावर रडार नव्हतें, परंतु विषुववृत्ताजवळच्या कक्षेमुळें तो त्याच ठिकाणीं दिवसांतून अनेक वेळां येई.

‘ट्रिम’चें आयुष्य तीन वर्षांचें योजिलेलें होतें. त्याच्या उंचीवर हवेचा लेश असतो, त्याचें घर्षण होतें, आणि खालीं खेंचला जाणारा उपग्रह वर ठेवण्यास इंधन जळतें. ऑगस्ट २००१ मध्यें त्याला ४०० किलोमीटरांच्या वर नेऊन ठेवलें. इंधनाचा खर्च उतरला, रडारची दृष्टि मात्र किंचित् मंदावली. मग २००४ सालीं खरा पेंच आला. मरणारा उपग्रह निर्जन समुद्रावर नेमका पाडावयाचा तर त्यासाठीं इंधन राखून ठेवावें लागतें. तें राखावयाचें तर काम आतांच थांबवावें, असें नासानें ठरविलें. त्याचे अवशेष कोणाच्या अंगावर पडण्याचा संभव अगदीं अल्प होता, पण नियमानें घातलेल्या मर्यादेहून तो अधिक होता. इकडे वादळांचा अंदाज सांगणाऱ्यांनीं विचारलें कीं, या उपग्रहावांचून वादळाची चाहूल उशिरां लागून जीं माणसें मरतील त्यांचा हिशेब कोणत्या वहींत धरावयाचा? त्याच ऋतूंत चार मोठीं वादळें एकामागून एक फ्लॉरिडावर आदळलीं होतीं. वाद विद्वत्परिषदेपर्यंत गेला, तिनें उपग्रह चालू ठेवण्याच्या बाजूनें मत दिलें, आणि २००५ सालीं नासानें राखीव इंधन कामांत खर्च करण्याचें मान्य केलें. नियमाच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें पुष्कळ होतें. परंतु कागदावरील धोका व प्रत्यक्ष वादळ यांत तोलून पाहतां निर्णय योग्य होता असेंच म्हणावें लागेल. त्या इंधनावर ‘ट्रिम’ आणखी नऊ वर्षें चालला. २०१४ च्या जुलैंत तें संपत आलें, उपग्रह हळुहळू उतरूं लागला, एप्रिल २०१५ मध्यें यंत्रें बंद केलीं, आणि १६ जून २०१५ रोजीं, भारतांत सकाळ असतां, दक्षिण हिंदी महासागरावर तो वातावरणांत शिरून जळाला. सिम्प्सनबाई त्यापूर्वींच, मार्च २०१० मध्यें, निवर्तल्या होत्या.

त्याचा वारस तोंवर कामास लागला होता. २८ फेब्रुवारी २०१४ रोजीं जपानी वेळेप्रमाणें पहांटे त्याच तानेगाशिमाहून ‘जी.पी.एम.’ योजनेचा मुख्य उपग्रह उडाला. ‘ट्रिम’ची कक्षा ३५ अंशांपर्यंतच जाई, याची ६५ अंशांपर्यंत जाते, म्हणून हिंवाळ्यांतील हिमवृष्टीहि त्याच्या टप्प्यांत येते. त्यावर रडार दोन आहेत, एक सुमारें सव्वादोन सेंटिमीटर लहरीचें आणि दुसरें साडेआठ मिलिमीटरांच्या आसपासचें. एकाच सरीला दोघेजण दोन निरनिराळे प्रतिध्वनि देतात, आणि त्या दोहोंतील फरकावरून थेंब मोठे आहेत कीं बारीक, याचा अंदाज बांधतां येतो. चौसष्ट लहान थेंब कीं एक मोठा, हा मार्शल-पामरांच्या गाळणकागदावरचा प्रश्न आतां उपग्रहाला सरीगणिक विचारतां येऊं लागला आहे. २०२३ च्या एप्रिलांत चीननेंहि ‘फेंगयुन-३जी’ या उपग्रहावर दोन लहरींचें असेंच पर्जन्य-रडार अवकाशांत नेलें. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ‘जी.पी.एम.’चा उपग्रह आणखी वर चढविण्यांत आला, इंधन अधिक दिवस पुरावें म्हणून.